दोनशे अश्वशक्ती वापरायची तरी कुठे?

अर्धा_थ्रॉटल:

नमस्कार. सुमारे पंच्याहत्तर अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची स्पोर्ट्स बाइक मी काही वर्षांपासून चालवतो आहे. गाडीबद्दल तक्रार अशी काहीच नाही. तरीही हजार सीसीची चार सिलिंडरची गाडी एकदा तरी आपली असावी, ही इच्छा आता स्वस्थ बसू देत नाही. अलीकडे मित्राची तशी गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवायला मिळाली आणि उत्साह वाढण्याऐवजी प्रश्नच वाढले. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर निम्माही पिळला नव्हता, पडद्यावरची आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटागणिक फेऱ्यांची) पट्टी जेमतेम मध्यापर्यंत आली होती आणि इंजिनाचा आवाज कुठे जरा मोकळा होऊ लागला होता, तोच पुढचे वळण अंगावर आले आणि ब्रेक धरावा लागला. पुढचा सगळा वेळ हेच चालले होते.

तेव्हा विचारायचे ते हे, की आजच्या स्पोर्ट्स बाइकची दोनशे-सव्वादोनशे अश्वशक्ती रस्त्यावरच्या माणसाने वापरायची तरी कुठे? ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक घसरू न देणारी यंत्रणा), व्हीली कंट्रोल (पुढचे चाक उचलू न देणारी) वगैरेंमुळे ही ताकद आता कोणालाही झेपते, असे काही जण म्हणतात. रस्त्यावर निम्म्या ताकदीची गाडीच जास्त मजेत चालवता येते, असे म्हणणारेही तेवढेच भेटतात. हौसेला मोल नसते हे मान्य करूनच विचारतो आहे, त्यामुळे पैशाचा हिशेब कृपया बाजूला ठेवावा.

साखळी_स्प्रॉकेट:

उत्तराचा बराच भाग गणितातच असल्यामुळे थोडे गणित सहन करावे लागेल.

दुचाकीच्या प्रवेगाला दोन गोष्टी आवर घालतात: मागच्या टायरची पकड आणि पुढचे चाक उचलले जाणे. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर सरळ जाताना यांतली दुसरी मर्यादा बहुधा आधी येते. स्पोर्ट्स बाइकच्या दोन चाकांमधले अंतर साधारण १४०० मिलिमीटर असते. चालकासह सगळ्याचा गुरुत्वमध्य त्या अंतराच्या मध्याच्या आसपास आणि जमिनीपासून जवळजवळ तेवढ्याच, म्हणजे सत्तर सेंटिमीटरच्या आतबाहेर उंचीवर येतो. याचा अर्थ असा, की गाडीचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या जवळ पोचला की पुढचे चाक जमीन सोडते, मग इंजिन कितीही ताकदीचे असो. आता गाडी २०० किलोची आणि चालक ८० किलोचा धरू. एवढ्या वजनाला ताशी १०० किलोमीटर वेगावर हा कमाल प्रवेग द्यायचा, तर चाकापाशी सुमारे १०३ अश्वशक्ती लागते. हवेचा रोध मिळवला की ११० च्या जवळपास. म्हणजे ताशी शंभरपर्यंत त्यावरची प्रत्येक अश्वशक्ती एक तर पुढचे चाक उचलते, नाही तर व्हीली कंट्रोल तिला इंजिनापाशीच अडवतो. कागदावरची दोनशे अश्वशक्ती संपूर्णपणे रस्त्यावर उतरवता येते ती साधारण ताशी दीडशेच्या पुढे.

ही झाली मर्यादेची बाजू. इंजिनाची बाजू त्याहून गमतीची आहे. शक्ती म्हणजे टॉर्क, अर्थात इंजिनाचा फिरवण्याचा जोर, आणि फेऱ्यांची गती यांचा गुणाकार. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागले, की किलोवॅट मिळतात, आणि एक किलोवॅट म्हणजे सुमारे १.३६ अश्वशक्ती. २०२० साली आलेल्या होंडा सीबीआर१०००आरआर-आरचे इंजिन पाहा. सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, अवघा ४८.५ मिलिमीटर, आणि जाहिरातीतली २१७ अश्वशक्ती मिळते ती १४,५०० आरपीएमला. अशा गाडीचा पहिला गिअरच ताशी दीडशेच्या पुढे जाऊन संपतो, त्यामुळे त्याच गिअरमध्ये ताशी पन्नासला इंजिन पाच हजार फेऱ्याही घेत नसते. त्या जागी टॉर्क ८० न्यूटन-मीटर आहे असे समजले, तरी हाती येते ती पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती. म्हणजे जाहिरातीतल्या आकड्याचा जेमतेम पाव भाग. तुमच्या मित्राच्या गाडीचा आवाज मोकळा होण्याच्या बेतात असताना तुम्हाला ब्रेक धरावा लागला, याचे कारण हेच आहे. त्या इंजिनाचे खरे काम जिथे सुरू होते, तिथे तुमचा रस्ता संपला होता.

मग असे इंजिन रस्त्याच्या गाडीत बसवतात कशाला? कारण या गाड्यांच्या रचनेवर शर्यतीच्या नियमांचा वरचष्मा आहे. १९८८ पासून चालू असलेली वर्ल्ड सुपरबाइक स्पर्धा ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर आधारलेली आहे, आणि २००३ पासून तिथे चार सिलिंडरच्या गाड्यांनाही १००० सीसीपर्यंत मुभा आहे. घनक्षमता तेवढ्यावरच रोखली, की टर्बो वगैरेची परवानगी नसताना ताकद वाढवायचा एकच मार्ग उरतो: इंजिन अधिक वेगाने फिरवायचे. त्यासाठी व्यास वाढवावा लागतो, स्ट्रोक कमी करावा लागतो, व्हॉल्व्ह मोठे होतात, आणि सगळी ताकद आरपीएमच्या पट्टीवर वरवर सरकत जाते. शर्यतीत इंजिन बहुतेक वेळ वरच्या फेऱ्यांतच असते म्हणा, त्यामुळे तिथे कोणाचे काही बिघडत नाही. खाली जी पोकळी राहते, ती सिग्नलवरून निघणाऱ्याच्या वाट्याला येते.

ट्रॅकदिवस:

साखळी_स्प्रॉकेट यांचे गणित बिनचूक आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मला अर्धाच पटतो. ताशी दीडशेच्या पुढेच सगळी ताकद उतरते, हे खरे. पण बंदिस्त ट्रॅकवर लांब सरळ पट्टा आला, की १५० ते २८० हाच तर अवघा खेळ असतो, आणि तिथे शंभर अश्वशक्तीची आणि दोनशेची गाडी यांत जो फरक पडतो तो एकदा अनुभवला की मग कोणी ‘कशाला हवी’ असे विचारत नाही. गाडी वर्षातून थोडे दिवसही ट्रॅकवर नेणार असाल, तर ‘कुठे वापरायची’ याचे सरळ उत्तर मिळाले.

दुसरा मुद्दा इलेक्ट्रॉनिक्सचा. याकडे तुच्छतेने पाहण्याची जुन्या मंडळींना सवय आहे, पण हे यंत्र नेमके काय करते ते समजून घ्यायला हवे. बीएमडब्ल्यूने २००९ मध्ये एस१०००आरआर आणली तेव्हा १९३ अश्वशक्तीसोबत झुकाव ओळखणारे ट्रॅक्शन कंट्रोल दिले. २०१५ च्या यामाहा आर१ मध्ये सहा अक्षांवरची हालचाल मोजणारा सेन्सर आला. हा सेन्सर गाडी किती झुकली आहे, नाक किती वर आले आहे, मागचा भाग बाहेर सरकतो आहे का, हे सेकंदाला शंभराहून अधिक वेळा मोजतो. ॲक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये आता केबल नसते. तुमचे मनगट फक्त मागणी नोंदवते आणि ती किती पुरवायची ते संगणक ठरवतो. वळणातून बाहेर पडताना, गाडी अजून बरीच झुकलेली असताना घाईने ॲक्सिलरेटर पिळला, तर पूर्वी मागचे चाक सुटून, पुन्हा एकदम पकड घेऊन, चालकाला सीटवरून वर फेकत असे. आज तुम्हाला ऐकू येतो तो फक्त इंजिनाचा थोडा अडखळल्यासारखा आवाज आणि पडद्यावर एक पिवळा दिवा लुकलुकतो. १९९८ ची १५० अश्वशक्तीची पहिली आर१ आणि आजची दोनशेची कोणतीही गाडी यांतली एक नवख्याच्या हाती द्यायची वेळ आली, तर मी डोळे झाकून आजची देईन.

साखळी_स्प्रॉकेट:

वळणातून बाहेर पडतानाचे तुमचे वर्णन मला मान्य आहे. मात्र रस्त्यावरचा चालक एकटाच पडतो तो बहुधा वळणात शिरताना, आणि शिरण्याचा वेग कोणताही सेन्सर ठरवत नाही. टायरची पकड जेवढी आहे तेवढीच राहते. इलेक्ट्रॉनिक्स तिची वाटणी शहाणपणाने करते, तिच्यात भर घालत नाही. ताशी शंभरला एका सेकंदात २८ मीटर मागे पडतात, दोनशेला ५६. थांबण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा तर चौपट होते. आणि ब्रेकचीही मर्यादा प्रवेगासारखीच भूमितीत आहे, फक्त तिथे मागचे चाक उचलले जाते. दोनशे अश्वशक्तीची गाडी दोन वळणांमधल्या त्याच सरळ तुकड्यात तुम्हाला तीस-चाळीस किलोमीटर अधिक वेगाने पुढच्या वळणावर आणून सोडते, आणि थांबवण्याची साधने मात्र जवळपास तीच असतात.

जुना_कार्ब्युरेटर:

‘एवढी ताकद कशाला’ हा वाद नवा नाही, हे तरुण मंडळींच्या कानावर घालावेसे वाटते. १९६९ मध्ये होंडाची सीबी७५० आली ती ६७ अश्वशक्ती घेऊन, आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक घेऊन. तेव्हाही लोकांनी भुवया उंचावल्या होत्या. त्याच वर्षीची कावासाकीची ५०० सीसीची तीन सिलिंडरची टू-स्ट्रोक एच१ ही साठ अश्वशक्तीची होती, पण ती साठ आजच्या दीडशेपेक्षा अवघड होती, कारण खालच्या फेऱ्यांत काही नाही आणि मग अचानक सगळेच, असा तिचा स्वभाव होता आणि फ्रेम त्या तडाख्याला तयारच नव्हती. कावासाकीचीच १९७२ ची झेड१ सुमारे ८२ अश्वशक्तीची, १९८४ ची जीपीझेड९००आर ११५ ची. १९८५ मध्ये सुझुकीने जीएसएक्स-आर७५० काढली तेव्हा शंभर अश्वशक्ती आणि ॲल्युमिनियमची फ्रेम असा मेळ बसला, आणि शर्यतीच्या गाडीला दिवे लावून रस्त्यावर विकायची पद्धत खऱ्या अर्थाने तिथून रूढ झाली.

या सगळ्या मालिकेत मला सर्वांत शहाणी वाटते ती १९९२ ची फायरब्लेड. प्रतिस्पर्धी गाड्या हजार सीसीपलीकडे जात असताना होंडाने ८९३ सीसीवर थांबून सुमारे १८५ किलो कोरड्या वजनाची गाडी दिली. ताकद १२० च्या आसपासच होती, पण ती गाडी वळत होती, थांबत होती. सहा वर्षांनी आलेल्या पहिल्या आर१ने गिअरबॉक्सचे दोन शाफ्ट एकावर एक रचून इंजिन आखूड केले, म्हणजे तिचेही खरे कर्तृत्व आकड्यात नव्हते, मांडणीत होते. मग १९९९ मध्ये सुझुकीची हायाबुसा आली, ताशी तीनशेची वेस ओलांडली गेली, आणि लगेचच मोठ्या उत्पादकांनी आपसांतल्या समजुतीने गाड्यांचा कमाल वेग ताशी २९९ वर थांबवला. गंमत पाहा: तेव्हा तीनशेसाठी पावणेदोनशे अश्वशक्ती पुरली होती आणि आज सव्वादोनशे असूनही रस्त्याच्या गाड्या फारशा पुढे गेलेल्या नाहीत. हवेचा रोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी १०० ला पाच-सहा अश्वशक्ती पुरते, २०० ला पन्नासच्या आसपास, आणि ३०० ला दीडशेच्याही पुढे जावे लागते.

प्रत्येक पिढीने ‘आता पुरे’ म्हटले आणि प्रत्येक पिढी खोटी ठरली, असे ट्रॅकदिवस म्हणू शकतील. माझे म्हणणे इतकेच, की पूर्वी वाढलेली ताकद खरोखर मागच्या चाकापर्यंत पोचत होती. आता मिळणारी ताकद अडवण्यासाठी वेगळे यंत्र बसवावे लागते, आणि त्या यंत्राचीही जाहिरात होते. डुकाटीच्या २०२० च्या पानिगाले व्ही४ ला पंख आहेत, आणि ते ताशी २७० ला सुमारे तीस किलोचा दाब देतात. म्हणजे कायद्याने चालणाऱ्या जवळपास कोणत्याही रस्त्यावर ते निव्वळ शोभेचे!

उत्पादकांच्याही हे लक्षात आलेले दिसते. यामाहाने २०२० नंतर युरोपातल्या रस्त्यांसाठी ६०० सीसीची आर६ बंद केली आणि तिच्या जागी ७३ अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची आर७ आणली. तुमची गाडी बहुधा त्याच जातीची असावी. डुकाटीने तर २०२५ च्या पानिगाले व्ही२ मध्ये ताकद १५५ वरून १२० वर उतरवली आणि वजनही उतरवले. ताकद कमी केल्याचे कोणी उघडपणे सांगते आहे, असे माझ्या आठवणीत क्वचितच घडले आहे.

संथ_चालक:

एक मुद्दा कोणीच काढला नाही. सावकाश चालणाऱ्या वाहतुकीत हजार सीसीचे इंजिन मांड्यांमध्ये शेगडी धरल्यासारखे तापते, मनगटांवर छातीचा भार येतो आणि पहिला गिअर इतका लांब असतो की क्लच सतत अर्धा दाबून ठेवावा लागतो. ताकदीची चर्चा करताना गाडीवर घालवायच्या वेळेतला मोठा भाग असाच जाणार आहे, हेही लक्षात घ्यावे.

अर्धा_थ्रॉटल:

सर्वांचे आभार, इतक्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. चर्चा वाचून एक पळवाट सुचते आहे. या गाड्यांमध्ये निरनिराळे राइडिंग मोड असतात आणि काहींच्या रेन मोडमध्ये, म्हणजे पावसासाठीच्या मोडमध्ये, ताकद बरीच कमी करता येते. मग मोठी गाडी घेऊन रस्त्यावर ती कमी ताकदीच्या मोडमध्ये चालवावी आणि ट्रॅकवर पूर्ण मोकळी सोडावी, यात अडचण काय? त्याने साखळी_स्प्रॉकेट आणि ट्रॅकदिवस या दोघांचेही समाधान होईल असे वाटते.

साखळी_स्प्रॉकेट:

अडचण अशी, की मोड बदलल्याने थ्रॉटलची झडप किती आणि किती वेगाने उघडायची एवढेच बदलते. इंजिनाची घडण बदलत नाही. गिअर तेवढेच लांब राहतात, स्ट्रोक तेवढाच आखूड राहतो, आणि खालच्या फेऱ्यांतली पोकळी भरून येत नाही. वरचा भाग कापला आणि खाली मुळातच फार नव्हते, तर उरते ते दोन्हींकडून कमी. याउलट ८९० सीसीची तीन सिलिंडरची यामाहा आर९ घ्या. तिचा कमाल टॉर्क ९३ न्यूटन-मीटर ७००० आरपीएमलाच मिळतो, आणि वरच्या सूत्राने मोजले तर तिथेच नव्वदहून अधिक अश्वशक्ती हाती असते. गाडीची एकूण ताकद १२० च्या घरात असल्यामुळे तिचा तीन-चतुर्थांश भाग आपण रस्त्यावर रोज जिथे असतो त्या पट्ट्यात वापरता येतो. गिअरचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे नुसत्या टॉर्कची तुलना करू नये, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. पण हजार सीसीच्या गाडीचे गिअर शर्यतीच्या वेगासाठी लांब ठेवलेले असल्यामुळे त्या आक्षेपाचा फायदाही छोट्या गाडीलाच मिळतो.

माझा कौल विचाराल, तर ११० ते १२० अश्वशक्ती आणि दोनशे किलोच्या आतले वजन. वर जी व्हीलीची मर्यादा काढली, तिच्याशी हा आकडा जुळतो हा योगायोग नव्हे.

ट्रॅकदिवस:

मोडच्या बाबतीत मीही त्यांच्याच बाजूचा आहे. त्यात एक भर घालतो: मोठ्या गाडीचे सस्पेन्शन ट्रॅकवरच्या जोरदार ब्रेकिंगच्या हिशेबाने कडक ठेवलेले असते, त्यामुळे उखडलेल्या रस्त्यावर संथ जाताना ते नीट दबतच नाही आणि टायर गरम होत नाहीत. रेन मोडमुळे काही गाड्यांचे डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारा रोध) मऊ होते, पण स्प्रिंग तीच राहते. मात्र ११० ते १२० हा सर्वांसाठीचा आकडा मला मान्य नाही. ज्याला वर्षाकाठी चार-पाच वेळा ट्रॅक मिळतो आणि बाकी गाडी घरी उभीच असते, त्याने निम्म्या ताकदीवर समाधान मानण्याचे कारण नाही. मोटोजीपी या जागतिक शर्यतमालिकेत २०२७ पासून १००० ऐवजी ८५० सीसीची इंजिने येणार आहेत, म्हणून शर्यतीलाच ताकद नकोशी झाली असा अर्थ काढणारेही इथे भेटतील. तिथे वेग आणि ट्रॅकभोवतीची सुरक्षित जागा यांचा मेळ घालायचा आहे, हा प्रश्न वेगळा.

अर्धा_थ्रॉटल यांनी निर्णयापूर्वी दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच ओळखीच्या, वळणांच्या रस्त्यावर चालवून पाहाव्यात. मोड नेहमीच्या वापराचाच ठेवावा. वळणातून गाडी सरळ होऊ लागली, की तिसऱ्या गिअरमध्ये चार हजारांवरून ॲक्सिलरेटर सावकाश, पण पूर्ण उघडावा आणि पुढच्या वळणाला ब्रेक धरेपर्यंत आरपीएम कुठवर गेले ते पाहावे. मोठी गाडी आठ हजारांच्या आसपासच थांबत असेल, तर तुमचा रस्ता तिला पुरत नाही. आणि निघण्यापूर्वी टायरमधली हवा स्वतः तपासून घ्यावी. चाचणीच्या गाड्यांत ती अनेकदा जास्त भरलेली असते, आणि मग चांगली गाडीही उगाच टणक वाटते.